एकतीस गोलांचं छप्पर

होनियारा
९ सप्टेंबर २०१२

मामा,

खरं सांगून टाकतो, हे पत्र मी ईस्टरपासून लिहितोय. म्हणजे लिहीन लिहीन म्हणतोय. एकदा कागद आणला, तर हिल्डा आत्याने त्यात शेंगदाणे बांधून कुणाला तरी दिले. एकदा कागद होता, पेनही होतं, मी दारात बसकण मारून ‘मामा’ एवढं लिहिलंही होतं, तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक निघाला. आतून आपल्या खाडीतलीच पोरं ओरडली, “येतोस का रे?” मी कुठे ते न विचारताच चढलो. तो पोचला पाम तेलाच्या मळ्यात. तिथून नोरोला मासळीच्या कारखान्यात गेलो. तिथे दिवसभर डब्यात मासे भरायचे आणि घरी येऊन जेवायला तोच डबा उघडायचा. शेवटी मला माशाचा डोळा दिसला की शिंका यायला लागल्या. मग सोडलं. पण हे तुला का सांगतोय? आत्याच्या घरी परत आलोय, हे सांगायला. या घरात सध्या आपल्याच बोलीचे इतके वानतोक झोपतात, की रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते.

आता मुद्दा. नेस्टरची निवड झाली.

हो, नाव लिहिलं. तुझ्या मुलाचं असलं तरी तुझ्या घरात ते नाव घ्यायचं नाही हे मला माहीत आहे. पण मी तुझ्या घरात कुठे आहे? मी होनियारात आहे.

आपल्या देशाचा संघ, कुरुकुरु, नोव्हेंबरात थायलंडला जाणार, जागतिक स्पर्धेला, आणि त्यात आपला नेस्टर आहे. पाच जणांचा फुटबॉल, छपराखाली, गुळगुळीत फरशीवर. तो खेळतो सगळ्यात मागे, गोलकीपरच्या पुढे, शेवटचा गडी म्हणून. त्याचं वय झालं असं सगळे म्हणत होते. कोच म्हणाले, “म्हातारा आहे, पण त्याच्या पायातला चेंडू काढून दाखवा, मग बोला.” कुणालाच काढता आला नाही.

मामा, मागची जागतिक स्पर्धा खेळून ब्राझीलहून तो परत आला त्या दिवशी मी फोउसालेच्या धक्क्यावर होतो. रशियाने आपल्याला एकतीस गोल घातले, हे रेडिओने आधीच सांगितलं होतं. दोन आपणही घातले होते, पण ते कुणाला आठवायचे? नेस्टरची होडी दिसली आणि गावातल्या ओफाने शंख हातात घेतला. मासे धरून होडी आली की जितके मासे तितक्यांदा शंख फुंकतात, तसा तो फुंकत राहिला. एकतीस वेळा. बायका हसून हसून खाली बसल्या. तू हसला नाहीस. तू सगळ्यांसमोर आजोबांच्या कवटीची आण घेऊन बोललास.

मला तेव्हा वाटलं होतं, पावसाळा संपेपर्यंत तुझा राग उतरेल. चार वर्षं झाली रे. आता तरी शब्द मागे घे. तो जायच्या आधी घे.

मामीला सांग, मी जेवतो.

तुझा,
रेक्सन


फोउसाले
२३ सप्टेंबर

रेक्सन यास,

पत्र पोचलं. आंब्याच्या पाटीखाली आलं, त्यामुळे अर्धं ओलं होतं. तुझं अक्षर कोरडं असतानाही वाचता येत नाही.

तू शहरात राहून आपल्या चाली विसरलास, म्हणून पुन्हा सांगतो. रागात बोललेला शब्द असतो, तो राग उतरला की संपतो. आण घेऊन बोललेला शब्द तसा नसतो. तो मी बोललो खरा, पण आता तो माझा राहिलेला नाही. तो माझ्या बापाचा आहे. मी उद्या उठून म्हटलं की ‘जाऊ दे, ये’, तर मी त्याच्या डोक्यावर पाय दिला असं होईल. मग घरात कोण आजारी पडेल ते तू सांगणार आहेस का?

शब्द काय होता, तोही तू विसरला असशील. ‘जिथे हरून आलास तिथे जिंकत नाहीस तोवर या छपराखाली येऊ नकोस, आणि या छपराखाली झोपणारं कुणी तुला भेटायला येणार नाही.’ असा होता. छपराखाली मी झोपतो आणि तुझी मामी झोपते. म्हणून मीही गेलो नाही आणि तीही गेली नाही. तिने चार वर्षांत एकदाही मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

ओफाचं म्हणशील, तर त्याने भरपाईचं डुक्कर त्याच वर्षी दिलं आणि आपण ते खाल्लं. तो विषय मिटला.

मी कुणाबद्दल विचारत नाही. पण ती फरशी ओली असते का? तिथे अनवाणी चालतं, की बूट घालावेच लागतात? बूट लागत असतील तर पायाला नीट बसणारे आहेत का? आपल्या लोकांचे पाय पुढून रुंद असतात, हे बूट विकणाऱ्यांना माहीत नसतं. कोच लोकांनी बघायला हवं.

तू काय काम करतोस ते पत्रात कुठेच नव्हतं. दोन वेळा वाचलं.

तुझा मामा,
माएलिआऊ


होनियारा
१४ ऑक्टोबर

मामा,

या वेळी लगेच लिहितोय. बघ, तीनच आठवडे झाले. काम करतो. बाजाराच्या तोंडाशी सुपारी विकतो. म्हणजे सुपारी आत्याच्या दिराची आहे. मी नुसता बसतो आणि चुना द्यायचं विसरतो. गिऱ्हाईक परत येऊन शिव्या देतं, मग ओळख होते. अशा पुष्कळ ओळखी झाल्या आहेत.

तुझं पत्र घेऊन मी सरावाला गेलो. शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान आहे, तिथे खेळतात. वर छप्पर नाही, मधोमध एक भेग आहे. चेंडू भेगेवरून कुठे उडेल याचा नेम नाही. नेस्टर म्हणतो तेच बरं. म्हणजे नीट फरशीवर चेंडू नीट आला की तो सोपा वाटतो. तिथे बाहेरगावचा एक माणूस मला विचारत होता, “एवढ्याशा देशातली पोरं हा खेळ इतका कसा काय खेळतात?” मी त्याला फोउसालेचं सांगितलं. आमच्या वाडवडिलांनी समुद्रात दगड टाकून टाकून बेट केलं, त्यावर घरं, चर्च आणि डुकरं मावल्यावर उरते एका होडीएवढी मोकळी जागा. तिथे खेळायचं. चेंडू पाण्यात घालवला त्याने पोहत जाऊन आणायचा, आणि तोवर बाकीचे त्याला वाट्टेल ते बोलणार. म्हणून चेंडू पायापासून लांब जाऊच द्यायचा नाही. त्या माणसाला वाटलं मी थापा मारतोय. नेस्टर आठ वर्षांचा असताना किती वेळा पोहला ते तूच बघितलंयस.

सराव संपल्यावर त्याला म्हटलं, “मामाचं पत्र आलंय.”

“काय म्हणतात?”

“फरशी ओली असते का, असं विचारलंय.”

मला वाटलं हसेल. हसला नाही. बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग म्हणाला, “ओली नसते म्हणून लिही. आणि बूट बसतात म्हणून लिही.” मी बघितलं, बुटाला बाजूने चीर दिलेली होती. म्हणजे पाय रुंदच आहेत. पण बसतात.

मग मी त्याला भरीला घालायला लागलो. म्हटलं, “अरे, पॅसिफिकचा चषक दर वेळी आपण आणतो. फिजीला हरवलं, ताहितीला हरवलं, न्यूझीलंडच्या त्या उंच उंच लोकांना हरवलं. ते जिंकणं नाही का? मामाला तेच सांगू, तू जिंकून आलास.”

गोलकीपर शेजारी पाणी पीत होता. तो म्हणाला, “बरोबर आहे की. मी तुझ्या बाबांसमोर येऊन सांगतो हवं तर.”

“शब्द ‘तिथे’ असा आहे,” नेस्टर म्हणाला. “जिथे हरलो तिथे, म्हणजे जागतिक स्पर्धेत. बाबा असं काही बोलले, की त्यातून पळवाट काढायची नसते.”

“मग तुझं म्हणणं काय, ते बरोबर बोलले?”

“मी कुठे म्हटलं बरोबर बोलले? बोलले, एवढंच म्हणतोय.”

तुम्ही दोघे एकाच दगडाचे आहात, मामा. मध्ये मी माझं डोकं आपटून घेतोय.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. ती लिहू नकोस असं त्याने सांगितलंय, म्हणून पटकन लिहितो. ही त्याची शेवटची स्पर्धा आहे. पुढच्या वेळी कोण घेणार त्याला? त्याच्या बायकोच्या, डोरीनच्या वडिलांनी पश्चिमेकडे गिझोला त्याला जमीन देऊ केली आहे, समुद्राकाठची. या वेळीही जिंकलो नाही, तर परत आल्यावर तो बायकोमुलीला घेऊन तिकडे जाणार, घर बांधणार. आणि तिकडे घर बांधलेला माणूस तिकडचाच होतो. तुला मी काय सांगायचं?

मुलगी म्हणालो ना? मुलगी आहे. दोन वर्षांची होईल. आत्याच्या घरी सगळ्यांच्या अंगावरून चालत जाते. तिचं नाव नेओमी ठेवलंय. मामीचं नाव.

शब्द मागे घेता येत नाही हे कळलं. पण दुसरं काही करता येतं का ते बघ. तू खाडीतला सगळ्यात हुशार माणूस आहेस, असं तूच सांगत असतोस.

तुझा,
रेक्सन


फोउसाले
१ नोव्हेंबर

रेक्सन यास,

तुझं पत्र आलं. फरशी ओली नसते हे वाचलं. बरं झालं.

मुलीचं नाव मी तुझ्या मामीला वाचून दाखवलं नाही. तसं करणं बरोबर नव्हतं. पत्र चटईवर उघडं ठेवलं आणि मासे धरायला गेलो. तिला वाचता येतं. परत आलो तेव्हा पत्र घडी घालून ठेवलेलं होतं आणि चुलीवर काहीच नव्हतं. त्या दिवशी मी तिला जेवण मागितलं नाही.

इकडची बातमी म्हणजे, घराचं छप्पर उतरवलं. सागूची पानं कुजली होती. वर चढून बघितलं तर आढंही बरोबर वाटलं नाही, म्हणून आढं काढलं. मग वासे ठेवून काय करायचं? तेही काढले. मेढी हलत होत्या, त्या उपटल्या. आता जागा साफ आहे. नवं घर बांधायचं आहे, जरा पलीकडे, चर्चच्या बाजूला. पानं आणायला मुख्य भूमीवर जावं लागेल. हात कमी आहेत. तुला सांगून उपयोग नाही, तू ट्रकमध्ये चढशील.

तोवर मी होडीच्या शेडमध्ये झोपतो आणि तुझी मामी चर्चच्या बायकांच्या खोलीत.

बोटीचं इंजिन बिघडलंय म्हणतात. हे पत्र कधी पोचेल, सांगता येत नाही.

रेडिओला नव्या बॅटऱ्या घातल्या आहेत. हवामानासाठी.

तुझा मामा,
माएलिआऊ


होनियारा
११ नोव्हेंबर

मामा! मामा! मामा!

जिंकलो! चार–तीन! ग्वाटेमाला! जागतिक स्पर्धेत, तिथेच, जिथे एकतीस खाल्ले होते त्याच स्पर्धेत! कुरुकुरुंनी आजवर तिथे एकही सामना जिंकला नव्हता आणि आता जिंकलाय!

तुझं पत्र आलेलं नाही. बोट बंद आहे. तू रागावला असलास तरी मला पर्वा नाही, मी लिहिणार.

बाकीच्या दोन सामन्यांचं मी काही लिहीत नाही. रेडिओने सांगितलं असेलच. ते देश मोठे आहेत, त्यांना काय, कोणीही मोठं असतं.

आम्ही सामना कुठे बघितला सांगतो. बंदराजवळच्या त्या दुकानात, जिथे मोठा पडदा लावला होता. दुकानात शिरायला जागा नव्हती म्हणून मी खिडकीच्या चौकटीवर बसलो. माझ्या मांडीवर एक अनोळखी बाई आपलं पोर ठेवून आत गेली ती सामना संपेपर्यंत आली नाही. पोर चांगलं होतं. मलाईताचे, पश्चिमेचे, ग्वाडालकनालचे, टेमोटूचे, सगळ्या बेटांचे लोक एकमेकांच्या अंगावर. दहा-बारा वर्षांपूर्वी याच शहरात आपण एकमेकांची घरं जाळत होतो. कालपरवा एक ग्वाडालकनालचा म्हातारा माझ्या डोक्यावर थापा मारमारून ओरडत होता, “आपली पोरं! आपली पोरं!” माझं डोकं अजून दुखतंय. दुखू दे.

नेस्टर पहिल्यापासून खेळला नाही. बाकावर होता. मी पडद्यावर फक्त बाक शोधत होतो. लोक म्हणायचे गोल, आणि मी म्हणायचो, “थांबा, तो उभा राहिला का?” शेवटी आपल्याकडे एकच गोल जास्त होता आणि ते लोक बैलासारखे अंगावर यायला लागले, तेव्हा कोचने त्याला पाठवला. मामा, मग काय झालं मला धड सांगता येत नाही, मी अर्धा वेळ डोळे मिटून होतो. एवढं बघितलं, की त्यांचा एक दांडगा माणूस अगदी जवळून चेंडू मारतोय आणि आपला नेस्टर हात पाठीमागे बांधून समोर उभा आहे. चर्चमध्ये उभा असल्यासारखा! चेंडू नाकावर बसला. तो खाली बसला. उठला. रक्त आलेलं. रेफ्री म्हणतोय बाहेर जा, आणि हा म्हणतोय कशाला. गोलकीपरने त्याच्या डोक्याचा मुका घेतला. मग भोंगा वाजला.

दुकानातलं काय सांगू? पोराची आई आली आणि पोर घ्यायच्या ऐवजी मलाच मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याचा आत्याच्या फोनवर फोन आला. सगळ्या घराने एक एक शब्द बोलून घेतला. डुकरांनाही विचारलं असतं तर तीही बोलली असती. शेवटी मला मिळाला. नाक बंद असल्यामुळे आवाज बोचक्यात घातल्यासारखा.

“बाबांना कळलं असेल का रे?”

“रेडिओ आहे. सगळ्या खाडीला कळलं.”

“मी सगळा वेळ नव्हतो. बाकावर होतो बराच. हे धरतील का ते?”

“अरे, नाक फुटलं तुझं!”

“ते ठीक आहे,” म्हणाला. “पण धरतील का?”

मामा, माझा देश जगात जिंकला. मला शाळेत भूगोल यायचा नाही. नकाशात आपण कुठे आहोत ते मास्तर काठीने दाखवायचे, तर काठीच्या टोकाखाली आपण सगळेच्या सगळे झाकले जायचो. आता झाकले जाणार नाही. पण माझ्या भावाला एवढंच हवंय, धरतील का. तू सांग.

रेक्सन


फोउसाले
१८ नोव्हेंबर

रेक्सन यास,

बोट सुरू झाली, म्हणून तुझं पत्र मिळालं. माझं मागचं पत्र अजून बोटीतच पडलं होतं, ते आणि हे तुला एकदमच मिळतील. आधी तारीख बघ, मग वाच.

रेडिओ मी चर्चच्या पायरीवर ठेवला होता, कारण घर नाही. आधी निरोप सांगितले. अमक्याची बायको बाळंत झाली, तमक्याने धक्क्यावर डुक्कर घ्यायला यावं. मग खेळाचं आलं. बाईने सांगितलं, तेव्हा आधी कुणी ओरडलं नाही. लोकांना वाटलं ती आकडे उलटे वाचतेय. तिने परत सांगितलं. मग जे झालं ते मी लिहीत बसत नाही. म्हातारे लोक कपड्यांसकट पाण्यात उड्या मारत होते. मीही पडलो. ढकललं असेल कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर सगळे बसले. प्रश्न तोच निघाला. ओफा म्हणाला, “जिंकलं खरं. पण पोरगा बराच वेळ बाकावर होता, असं रेडिओवर म्हणतात. आण घेतलेली आहे. नीट बघायला हवं.” दुसरा म्हणाला, शेवटी आला आणि शेवटीच सामना ठरतो. तिसरा म्हणाला, पाच जणांच्या होडीत जो बसतो तो वल्हवणाराच, मधूनच का चढेना. असं दुपारपर्यंत चाललं. चुना संपला.

मग ओफाने मला विचारलं, “तूच सांग, माएलिआऊ. ते घर आता उघडं धरायचं की बंद?”

मी म्हटलं, “कोणतं घर?”

सगळ्यांनी वळून बघितलं. जागा साफ होती. मीच झाडली होती.

तो विषय तिथे संपला. मग रात्रीपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं आणि मी बोललो. आपली एवढीशी बेटं, त्यात आपलं हे माणसाने दगड टाकून केलेलं बेट, आणि त्यावरच्या पोराने जगातल्या माणसाचा चेंडू नाकावर घेतला आणि उठून उभा राहिला. मी म्हटलं, हे माझ्या बापाला कळलं असेल. मी म्हटलं, आम्ही त्याला अंगणात खेळू नको म्हणत होतो. बरंच म्हटलं. घसा बसलाय.

नव्या घराच्या मेढी रोवतोय. ओफा आणि त्याची पोरं हात लावायला येतात. शाकारायला अजून वेळ आहे. तुझी मामी मुख्य भूमीवर, ताक्वाला बहिणीकडे गेली आहे. म्हणाली, घर उभं राहीपर्यंत इथे बायकांच्या खोलीत किती दिवस पडून राहू. बरोबर आहे. झालं की निरोप पाठवीन, तेव्हा येईल.

तू विचारलंस धरतील का. मी काही धरलेलं नाही, म्हणून सोडण्याचा प्रश्न नाही. पानं कुजली होती, एवढंच.

नाकावर ओला फडका ठेवायला सांग. कुणालाही.

तुझा मामा,
माएलिआऊ


होनियारा
२७ नोव्हेंबर

मामा,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. तू सांगितलंस तसं आधी तारीख बघितली.

लबाडा!

पानं कुजली होती म्हणे. ती पानं गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी शाकारली, मी स्वतः भारे वाहिलेत, माझ्या मानेला गांधीलमाशी चावली होती आणि तू म्हणाला होतास, “आता दहा वर्षं बघायला नको.” आणि मेढी म्हणे हलत होत्या! त्या मेढींना डुक्कर बांधून आपण वादळ काढलंय. एक नोव्हेंबरला आपल्या पोरांनी स्पर्धेतला एक चेंडूही लाथाडला नव्हता. तू आधीच घर मोडून मोकळा झालास. जिंकोत की हरोत, छप्परच नाही तर कशाखाली यायची बंदी? आणि हे तू मलाही सरळ लिहिलं नाहीस. मी मात्र तुला ‘पर्वा नाही’ असं लिहून बसलो. ते फाडून टाक.

नेस्टर आला. विमानतळावरून शहरापर्यंत ट्रकवर आणलं त्यांना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, शाळेची पोरं, नर्सबाया, पोलीससुद्धा सुपारी थुंकून टाळ्या वाजवत होते. नाक अजून एका बाजूला आहे. डोरीन म्हणते, आधीपेक्षा बरं दिसतं. आत्याच्या घरी आल्यावर सगळे नाचून, खाऊन, आडवे झाले, तेव्हा मी त्याला मागच्या पायरीवर बसवून दोन्ही पत्रं वाचून दाखवली. माझ्याच उच्चारात, त्यामुळे वेळ लागला. पहिल्यात ‘मेढी हलत होत्या, त्या उपटल्या’ इथे आलो तेव्हा तो म्हणाला, “परत वाच.”

वाचलं.

“ते घर बाबांनी लग्नाच्या वर्षी बांधलेलं.”

“हो.”

“आम्ही हरलो असतो तरी?”

“तारीख बघ ना. मी कुठून सांगणार?”

मग तो बराच वेळ हाताने नाक दाबून बसला. दुखत असेल. मग उठला आणि डोरीनला म्हणाला, “गिझोच्या जमिनीला नको म्हणून कळव तुझ्या वडिलांना. नीट कळव, रागावायला नकोत.” डोरीन म्हणाली, “मी विमान उतरायच्या आधीच कळवलंय.” बायका आपल्याला विचारतात ते नुसतं आपल्या समाधानासाठी, असं मला वाटायला लागलंय.

तर ऐक. गुरुवारच्या बोटीने आम्ही येतोय. नेस्टर, डोरीन, छोटी नेओमी आणि मी. हो, मीसुद्धा, शाकारायला. कुठल्याही ट्रकमध्ये चढणार नाही. गोलकीपरही म्हणतोय येतो, त्याला तो तीन म्हाताऱ्यांचा वाद ऐकायचाय. पानं अजून आणली नसशील तर थांब, ताक्वाला उतरून आम्हीच घेऊन येऊ, आणि येता येता मामीलाही बहिणीकडून होडीत घालून आणू. तिला आधी सांगू नकोस. धक्क्यावर एकदम छोटीला तिच्या हातात द्यायची आणि बघायचं काय म्हणते, असं नेस्टरच्या मनात आहे. सकाळपासून तो तेच बोलतोय, आई काय म्हणेल, आई ओळखेल का मला या नाकाने

मामा, थांब. मध्येच उठावं लागलं. बाहेर कुत्री भुंकायला लागली आणि हिल्डा आत्या अशी ओरडली, की मला वाटलं घर पेटलं. दारात एक बाई उभी आहे. डोक्यावर अळकुड्यांची पाटी, काखेत पानात बांधलेला पुडिंगचा गोळा, पायात चप्पल नाही, बोटीवर उलट्या होऊन चेहरा पांढरा. आत्या विचारतेय, “अगं, एकटी? आणि त्याला माहीत आहे का?” आणि ती म्हणतेय, “त्याच्या छपराखाली झोपायची होते तोवर बांधलेली होते. छप्पर त्यानेच उतरवलं. आता मी कशाला कुणाची वाट बघू? सरक, आत येऊ दे, पोरगी कुठे आहे?”

नेस्टर पायरीवरून उठलाय आणि त्याला पुढे पाऊल टाकता येत नाहीये.

ताक्वाला नाही गेली, मामा. मामी इथे आली आहे.